निंगव्वाचे पाच मार्क

३ डिसेंबर १९७४
परत तेच. गावाकडनं रावजीदादाचं पत्र, नेमकं काय काम करतोस ते तरी कळव. किती वेळा कळवायचं? डॉक्टरणीचा असिस्टंट आहे म्हणून लिहिलं की. टेंभुर्णीच्या पुढं जगच नाही ह्याला. या महिन्याला शंभर रुपये धाडतो, मग बोल म्हणावं.

काम लई बुद्धीचं. गिरणीच्या धुळीनं खोकणाऱ्यांवर नवी गोळी बघायची. अर्ध्यांना खरी, अर्ध्यांना नुसती पिठाची. कुणाला कुठली, मलाही सांगत नाहीत. मी संमतीचा फॉर्म समजावून अंगठा घ्यायचा, आठवड्यानं पाच प्रश्न विचारून त्यांना किती कळलंय ते मोजायचं. डॉक्टर पद्मजाबाई म्हणाल्या, "एकनाथ, उत्तर सांगायचं नाही. ते बोलतील तसंच लिहायचं." सातवी नापास माणसावर एवढा भरवसा!

१० डिसेंबर
कुणाला पाचात एक, कुणाला दोन. लोकांना डोकंच नाही. संगप्पा म्हणतो, पिठाची गोळी आली तर त्या दिवशी अर्धी भाकरी कमी खाईन. हे लिहिलं नाही.

११ डिसेंबर
माझी आयडिया. आधी तालीम, मग परीक्षा. सगळ्यांना चाळीच्या ओट्यावर बसवून पाढ्यासारखं म्हणवून घेतलं. प्रश्न पाचवा, गोळी मध्येच सोडता येते का? "व्हय, कवाबी, कारण न देता!" सगळी चाळ गरजली. उत्तर सांगितलं नाही, फक्त पाठ करून घेतलं. फरक आहे.

१५ डिसेंबर
परत प्रश्न विचारले. सगळे पाचात पाच. बाईंनी कागद दोन-दोनदा उलटून बघितले. खूश असणार.

१८ डिसेंबर, संध्याकाळ
निंगव्वा खोलीवर आली. गिरणीत कापूस साफ करते. मला तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. गोळी घेतली की गरगरतंय, मशीनपुढं भ्या वाटतंय म्हणाली. सोडू का? मी म्हटलं, अक्का, पिठानं कुणाला चक्कर येते व्हय? तिची पिठाचीच असणार, तोंडावरून कळतं. शिवाय आता सोडली तर माझं काम बिघडेल. "बरं तम्मा, तू म्हणतोस तर."
पाचात पाच आहेत तिला. कळल्याशिवाय का?

२१ डिसेंबर
निंगव्वा गिरणीत चक्कर येऊन पडली. कोपर फुटलं. हात मशीनपासून वीतभर लांब होता म्हणे.
वीतभर म्हणजे लांबच की.
जेवण गेलं नाही. खानावळीचं तेल बरोबर नाही.

२२ डिसेंबर
बाई स्वतः तिच्या घरी. मी मागं. गोळी मध्येच सोडता येते का, बाईंनी विचारलं. "व्हय, कवाबी, कारण न देता." एका दमात. मला अभिमानच वाटला.
मग सोडली का नाहीस?
"तम्माला इचारलं की. तो नको म्हनला."
बाहेर आल्यावर बाईंनी पाचवा प्रश्न मलाच विचारला. मीही एका दमात सांगितलं. म्हणजे काय, म्हणाल्या. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला, त्यामुळं सांगायचं राहिलं.

२४ डिसेंबर
उद्यापासून येऊ नको म्हणाल्या. कामच संपत आलं असणार. जाताना निंगव्वाचे पाच मार्क खोडले, शून्य घातलं. कुणी सांगितलं नव्हतं.
तिची हजेरी बुडालीय. माझ्या पगारातले दिले. उसने दिलेत, परत घेणारच आहे. पैसे पदरात बांधून तिनं डावा अंगठा पुढं केला. "कुटं लावू, तम्मा?"
रावजीदादाला मनीऑर्डर. अकरा रुपये.