हळदीकुंकवाची खाती

९ जानेवारी २००६
प्रमोशनची यादी लागली. कपिलचं नाव आहे, माझं नाही. बँकेत दोघं एकाच दिवशी लागलो. इथल्या, दिल्लीच्या द्वारका भागातल्या सोसायटीतली ती तीसेक खाती मी आणलेली. मागच्या संक्रांतीला तिथल्या देवधर काकूंच्या हळदीकुंकवात, वाणाला पदरच्या पैशांनी चहाच्या गाळण्या वाटून, बायकांना धरून धरून फॉर्म भरून घेतले. मग मी टायफॉइडने पडले. कपिलने खाती कॉम्प्युटरवर चढवली. 'कुणी आणलं' तिथे स्वतःचं नाव. मेला.

१० जाने.
मॅनेजर भाटियासाहेबांकडे गेले. "बेटा, सिस्टम में जो है, वही है." कपिल तिथेच. "सर, आंटियों की किटी में बैठने से परफॉर्मन्स नहीं बनता." हळदीकुंकवाला किटी पार्टी म्हणाला! साहेब हसले. मीही हसले! त्याचाच जास्त संताप होतोय.

११
जेवण गेलं नाही. आई म्हणते, सोड गं. नाही सोडणार. कपिलकडे आता सगळी बचत खाती दिलीत. सहा महिने प्रोबेशन. खाती बंद झाली तर जाब त्याला.
हं.

२२ जाने., रवि.
नव्या मेट्रोने द्वारका. यंदाचं हळदीकुंकू. तिळगूळ घेता घेता काकूंना सगळं सांगितलं. कपिलचं ते किटीचं बोलणं जरा तिखटमीठ लावून. काकू लालबुंद. "आम्ही तुझ्यासाठी उघडली खाती, त्या मेल्यासाठी नाही. बंदच करतो सगळ्याजणी!"
मी 'नको, नको' म्हटलं. अगदी हळू.

१ फेब्रु., बुध.
आल्या! जवळजवळ सगळ्याच, गजरे-बिजरे माळून. ब्रँचमध्ये पाय ठेवायला जागा नाही. कपिल चहा मागवतोय, खुर्च्या ओढतोय, "आंटीजी, प्लीज." काकू म्हणाल्या, "आंटीजी तो किटी में मिलेंगी." इतकं गार वाटलं ना मला.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुम्हारी बात मानेंगी, रोक लो. अगली लिस्ट में तुम्हारा नाम पक्का." लिहून द्या म्हटलं. "अरे बेटा, देखते हैं दो दिन में."
बाहेर आले. काकू पेन उघडून बसलेल्या. "काय गं, करू सही?" अख्खी ब्रँच माझ्या तोंडाकडे बघत होती.
"आज नको काकू. परवा या. सगळ्यांना घेऊन."
कपिलला मराठी कुठे कळतं; बायका उठल्या, एवढंच त्याने पाहिलं. धावत आला, डोळ्यांत पाणी. "थँक्यू यार, तूने बचा लिया."
चलो, कोई बात नहीं, म्हटलं.
परवा काकूंना काय सांगायचं, ठरवलेलं नाही. आज दोनदा भात घेतला.