गुलाब कचऱ्यात टाकलेत

सूनबाई,

दुखण्याच्या गोळीने तुझा डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. तू दिलेल्या तीन प्रेमकादंबऱ्यांपैकी दोन वाचून झाल्या. डॉक्टरची झकास आहे. नायिका त्याला अशी पुरून उरते की मी एकटीच खुदुखुदु हसत होते. जहाजवाल्याचीही आवडत होती. पण तो तिच्या मुस्काटात ठेवून देतो, पुढच्याच पानावर गुलाब घेऊन रडत येतो, आणि ही बया विरघळते! मी पुस्तक भिंतीवर भिरकावलं. पुठ्ठा निघालाय, चिकटवून देईन.

काल आमच्या चिरंजीवांनी तुझं डोकं दारावर आपटलं आणि आज सकाळी गुलाब घेऊन हजर. तवा वापरू नकोस, दांडा निखळलाय. त्याच्या पाठीत मीच घातला. पळालाय, पण येईल परत. आतून कडी लाव. कितीही रडला तरी उघडू नकोस. टाके ओले करू नकोस.

मी पोलीस चौकीत चाललेय, पोटच्या पोराविरुद्ध तक्रार द्यायला. तिथे ताटकळत बसवतात म्हणे, म्हणून तिसरी कादंबरी पिशवीत टाकलीय. ती वाचून संपली तरी बेहत्तर, तक्रार लिहून घेतल्याशिवाय मी उठणार नाही.

तुझी सासू