म्या मारलं त्येला

५ जानेवारी, रविवार
मैत्रीण नीलमबरोबर कन्नड सिनेमा. नायकाच्या हातात नांगराचा फाळ — पहिल्या अर्ध्या तासात पंचवीसेक माणसं आडवी, आणि शर्टाला डाग नाही. मी शिट्टी मारली. नीलम म्हणाली, "सुविधा, आठवडाभर कोर्टात खून ऐकतेस, वर रविवारी तिकीट काढून पुन्हा तेच?" खरंय. पण कोर्टातला खून कागदावर येईपर्यंत वाळलेला असतो. साक्षीदार मराठीत सांगतो, मी कन्नडमध्ये सांगते, टायपिस्ट टाईप करतो. रक्त कुठं दिसतच नाही.
यंदा ठरवलंय — दर रविवारी सिनेमा, पंधरवड्याला वाचनालयाचं एक पुस्तक, आणि जे वाटेल ते इथं लिहायचं. आईला वाचता येत नाही हे एका परीनं बरंच.

१७ जानेवारी, शुक्रवार
जांबोटीकडची एक बाई. गुणाबाई. वय पन्नाशीचं, बोटं तुपाच्या लोट्यासारखी गुळगुळीत — नखंच नाहीत तीन बोटांना. नवऱ्यानं, नागोजीनं, पकडीनं उपटली होती. हे तिनं विचारल्याशिवाय सांगितलं, शेतातलं तण उपटल्याचं सांगावं तसं. उकळत्या भाताच्या पेजेत हात घातला होता एकदा. एकदा वासराच्या दाव्यानं गळा आवळला होता.
नागोजीचं प्रेत तीन दिवसांनी रानातल्या ओढ्यात, धोंड्यांत अडकलेलं सापडलं. डोकं रानडुकरांनी खाल्लं होतं. जखम कसली, कशाची, डॉक्टरांना सांगता येईना. म्हणजे आता सगळं तिच्या तोंडच्या शब्दांवर.
मॅजिस्ट्रेट नवे, म्हैसूरकडचे. मराठी अजिबात नाही. त्यांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "म्या मारलं त्येला. मुसळानं. मग त्यो गेला."
मी कन्नडमध्ये सांगितलं — कोंदे. म्हणजे जीव घेतला. आणि 'गेला'चं सांगितलं, सत्त. मेला.
लिहून झालं. वाचून दाखवलं — तेही मीच, भराभर. तिनं अंगठा उठवला. तीनचा शो होता, नवा सिनेमा, पहिला दिवस. धावत गेले. फक्त सुरुवातीच्या पाट्या चुकल्या.

१८ जानेवारी
होडदे म्हणजे हाणलं. कोंदे म्हणजे ठार केलं. मराठीत दोन्हीला मारलंच.
आणि 'गेला' — मेला? की उठून गेला?

९ फेब्रुवारी, रविवार
शिकारीच्या आठवणींचं जुनं पुस्तक आणलंय. लेखक गव्याला गोळी घालतो. गवा जखमी होऊन झाडीत शिरतो आणि लेखक तंबूत चहा पितो. सकाळी शोधू म्हणतो. मला त्या गव्याचंच पडलं. चाळिसाव्या पानावर पुस्तक मिटलं.
आईला विचारलं, तू 'मारलं' म्हणतेस तेव्हा काय म्हणतेस? तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कुनाला मारलं त्येच्यावर हाय. डास मारला तर मेला. तुला मारलं तर तू बसलीयास की हितं."

१६ मार्च, रविवार
सिनेमा नाही. निपाणीला मावशीकडं निघाले होते. वाटेत चौघांनी बस अडवली. भाषेवरून. कंडक्टरला खाली ओढलं. एकानं कानाखाली दिली, दुसऱ्यानं पोटात लाथ. तिकिटाचं मशीन रस्त्यावर आपटलं. "मराठीत बोल!" कंडक्टर रक्त थुंकला आणि कन्नडमध्ये चौघांच्या आयांचा उद्धार केला. एकाच्या हातात दगड. त्यानं खिडकीतल्या मला विचारलं, "काय म्हणतोय त्यो?"
मी म्हणाले, "माफी मागतोय. घरी लेकरं हायत म्हणतोय."
दगड खाली पडला.
बसमध्ये कंडक्टर माझ्या शेजारी बसला, नाकाला रुमाल लावून. त्याला मराठी चांगलं येत होतं. म्हणाला, "अक्का, मी असं म्हटलं नव्हतं." म्हटलं, माहीत आहे.
एका चुकीच्या शब्दानं माणूस वाचला. मग कोर्टातल्या त्या दुसऱ्या शब्दानं काय केलं असेल?

१७ मार्च
गुणाबाई तुरुंगात साठ दिवस. मी मोजते हे कुणाला सांगायचं?

२७ एप्रिल, रविवार
परशराम वकिलांना गाठलं. गुणाबाईला फी द्यायला कुणी नाही, म्हणून सरकारनं दिलेले वकील. सज्जन माणूस, खोकला फार. सगळं सांगितलं. तीनच्या शोचंही.
त्यांनी आधी खोकून घेतलं. मग म्हणाले, "पिंजऱ्यात उभं राहून सांगाल? मी चुकले म्हणून?"
"सांगेन."
"मग तुम्हाला पुन्हा कोण बोलावणार भाषांतराला?"
घरी येऊन आईला सांगितलं. आई निपाणीत बत्तीस वर्षं विड्या वळत होती, माझं कॉलेज त्यातून झालं. मला वाटलं ओरडेल. म्हणाली, "त्या बाईनं मारला आसंल तर?"
"ते मला माहीत नाही."
"मग काय माहीत हाय?"
"मी कसं ऐकलं ते."

१ जून, रविवार
जांबोटीला गेले. बस अर्ध्या वाटेत सोडून परतली, पुढं पायी. मिरगाच्या आधीच आभाळ भरलेलं. गोठ्यापाशी एक म्हातारी, मनुबाई. पाणी दिलं. सहज विचारावं तसं विचारलं, म्हैस दूध देते का? "कुठलं. पोरानं काल मारलं तिला, तवाधरनं पान्हा चोरून धरलाय." म्हैस समोर रवंथ करत होती. मी वहीत लिहून घेतलं, तर मनुबाई हसली.
गुणाबाईचं घर तिनंच दाखवलं. कुलूप. दाराला आतून कडीच नाही म्हणे — नागोजीनं काढून टाकलेली. "तिला कोंडून घेता ईना म्हून," मनुबाई म्हणाली. "तिचं वरडनं आमच्यापातूर यायचं. आम्ही भांडी घासायचो."
मग पुन्हा म्हणाली, "भांडीच घासायचो गं."

२ जून
ताप. पायात जळवा चावल्याच्या जखमा.

१० ऑगस्ट, रविवार
मराठी सिनेमा, शहापुरातल्या चार बायका सोबत. नवरा बायकोला थोबाडीत देतो, थिएटर हसतं. शेजारच्या खुर्चीतली नीलमही हसली. मी उठून आले. ती बाहेर येऊन म्हणाली, "सत्तर मुडदे बघताना शिट्ट्या मारतेस आणि एका थोबाडीत उठतेस?"
पुढच्या रविवारी फाळवाल्याचाच दुसरा भाग आहे आणि मला तो बघायचाय. स्वतःची लाज वाटते, तरी बघायचाय.

१८ सप्टेंबर, गुरुवार
एरवी वर्षं जातात, हा खटला लवकर लागला. आज माझी साक्ष.
पिंजऱ्यातून खोली वेगळीच दिसते. परशराम वकिलांनी विचारलं, मी सांगितलं. मारलं — होडदे, कोंदे. गेला — सत्त म्हणजे मेला, होद म्हणजे निघून गेला. म्हशीचंही सांगितलं. जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं.
मग सरकारी वकील उठले. "दहा वर्षं भाषांतर करता. त्या दिवशीच कसं चुकलं?"
"घाई होती."
"कसली?"
"सिनेमाची."
खोली हसली. मी खाली बघितलं नाही. गुणाबाईकडं बघितलं. सगळं कन्नडमध्ये चाललेलं, तिला एवढंच कळलं असावं की लोक हसले. ती हसली नाही. नखं नसलेली बोटं पदरात गुंडाळून उभी होती.
"म्हणजे तिनं ठार केलं नाही असं तुमचं म्हणणं?"
"तिचं म्हणणं काय ते मला सांगता आलं नाही, असं माझं म्हणणं."

२२ सप्टेंबर
कोर्टाच्या भाषांतरकारांच्या यादीतून नाव काढल्याचं पत्र. तीन ओळी. कन्नडमध्ये एकही चूक नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
औषधाच्या दुकानासाठी पत्रकं भाषांतरित करते. 'लहान मुलांपासून दूर ठेवा.' यात चुकायला काही नाही. आई भाकरी थापताना म्हणाली, "सदलग्याला तुझ्या आत्यानं इचारलं, पोरीचं काम का गेलं. म्या सांगितलं, खरं बोलली म्हून." आईनं असं कधी म्हटलं नव्हतं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सुटली. संशयाचा फायदा. जबाब ग्राह्य धरता येत नाही म्हणाले — निकालात माझं नाव दोनदा आलंय.
परशराम वकील खोकत खोकत हसले. गुणाबाई कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी राहून ऊन अंगावर घेत होती. मी जवळ गेले नाही. काय बोलणार? दहा महिने माझ्यामुळं. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले, मग आईबरोबर गरम भात खाल्ला.

३० नोव्हेंबर, रविवार
गुणाबाई आली होती. मनुबाईच्या नव्या भाताचे तांदूळ घेऊन, पत्ता विचारत, शहापुरातून चालत. आईनं चहा दिला. मी माफी मागितली. तिनं कप खाली ठेवला.
"बाय, वकिलानं समदं समजावलं मला. तू पयल्यांदा सांगितलंस त्येच खरं व्हतं. पडल्यावर बी त्यो हालत व्हता. हालायचा थांबस्तवर म्या हाणलं. मग वढत वढ्याला नेला."
आई जागची हलली नाही. मी विचारलं — मग कोर्टात का नाही सांगितलंस?
"कुनी इचारलं? समदी तर त्या शब्दाचंच इचारत व्हती."