दोन बिल्ले

१२ मार्च

खिडकी नाही! एवढं नऊ मजल्यांचं जहाज, आणि आमच्या खोलीला खिडकी नाही. पडदा मात्र लावलाय. मी मोठ्या आशेनं ओढला — मागे भिंत. आत्या पलंगावर बसून गुडघे चोळत होती. म्हणाली, "बरंय की. पाणी बघून काय करायचंय मला? तेहेतीस वर्षांपूर्वी पोटभर बघितलंय."

म्हणजे ही बाई पाणी न बघता समुद्रावर निघाली आहे.

आणि मी का, तर सहावी नोकरी सोडून घरी बसले होते, आत्याला जिन्यावर धरायला कुणीतरी हवं होतं. आई म्हणाली, "जा. नाहीतरी तुझं बूड एका जागी टिकत नाही, निदान कुणाच्या उपयोगी तरी पड." आत्यानं शिवणाचं मशीन विकून दोन तिकिटं काढली. लग्नाआधीपासून त्या मशीनवर पुरुषांच्या पँटी शिवत आली. बाबा असते तर त्यांनी बहिणीला जाऊ दिलं नसतं. पण बाबा गेल्या वर्षी गेले. आता तिला अडवणारं कोणी नाही.

या वहीच्या शेवटच्या पानांवर माझा अकरावीचा भूगोल आहे. तिथेच शाळा सुटली. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेला भूभाग — एवढं पाठ आहे. पुरे.

१३ मार्च

खोली आवरणारा टॉवेलचा हंस करून ठेवून गेला. चोच कशी वळवतो ते बघायला मी तो उलगडला, आता परत जमेना. त्या भानगडीत सकाळ गेली. आत्या म्हणाली, "भिंगरी आहेस नुसती! एक काम धड नाही." मला ती भिंगरीच म्हणते, लहानपणापासून.

बिल्ल्यांचं लिहायचं होतं, ते राहिलंच.

आत्या नवऱ्याबरोबर गेली तेव्हा जहाजात आतासारखी, दारावर टेकवायची कार्डं नव्हती. शिडीच्या तोंडाशी एक फळी, तिच्यावर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर पितळी बिल्ला. उतरताना आपला बिल्ला घेऊन जायचा, आलं की परत लावायचा. फळी भरली की शिट्टी, आणि जहाज सुटलं. बिल्ला लावला म्हणजे माणूस आला! डोकी कोणी मोजायचं नाही. आत्याचा एकेचाळीस, तिच्या नवऱ्याचा बेचाळीस. लग्नाला दोन वर्षं झालेली. बेटावर उतरले, फिरले. नवरा म्हणाला, माझा खिसा फाटलाय, बिल्ला तुझ्याकडे ठेव. आत्याचं उन्हानं डोकं चढलं, तर तो म्हणाला, "तू हो पुढे, मी आलोच मागून." ती वर आली, आणि सवयीनं दोन्ही बिल्ले लावून टाकले! केबिनमध्ये जाऊन झोपली. उठली तर बेट मागे, एवढंसं. नवरा तिथेच.

पुढचं जहाज पंधरा दिवसांनी. त्यातून बाबा गेले मेव्हण्याला आणायला. सापडला नाही. आजतागायत नाही.

आमच्या घरात आत्याच्या नवऱ्याचं नाव 'बेटकर' पडलं. आणि कोणी छत्री विसरलं, गॅस चालू ठेवला, की सगळे ओरडतात — "लावले दोन बिल्ले!" आत्यासुद्धा हसते. बाबा कधी हसले नाहीत. उठून जायचे.

१४ मार्च

ओकले. तीनदा. बास.

१५ मार्च

जेवणाच्या टेबलावर एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची बायको आमच्या वाट्याला आलेत. ते चमच्यानंसुद्धा शिकवतात — "सूप असं बाहेरच्या बाजूला ढकलायचं!" बाईंनी आत्याला विचारलं, "यजमान नाही आले?"

आत्या पावाला लोणी लावत म्हणाली, "ते पुढे गेलेत. बेटावर."

बाईंना वाटलं विमानानं. "अय्या, हौशी आहेत हो!" मला हसू फुटलं, सूप नाकात गेलं. आत्या लोणी लावतच होती.

दुपारी माझ्या पँटचा खिसा उसवला — किल्ल्या, नाणी, गोट्या, काहीही कोंबते मी. आत्यानं पँट ओढून घेतली. "हा खिसा आहे? लाज नाही वाटली शिवणाऱ्याला?" चष्मा नाकावर, सुई दातात. दुहेरी टाके घातले. "पँट फाटेल, पण आता खिसा नाही फाटायचा."

मी म्हटलं, आत्या, तू नक्की कशाला चालली आहेस? ते काय तिथे बसलेत का अजून?

तिनं दोरा तोडला. "माणूस नकोय मला आता. त्यानं वाट बघितली का, एवढंच कळलं तरी पुरे."

१६ मार्च

उद्या बेट.

मला बेटकर आवडायचे, हे इथे लिहून टाकते. त्यांचा एकच फोटो आहे, हसताना डोळे दुसरीकडेच. लहानपणी मी ठरवून टाकलं होतं की त्यांना तिथे खजिना सापडला. पुढे नोकऱ्या सोडताना, न सांगता खोल्या सोडताना, तो फोटो आठवायचा. तीन खोल्या सोडल्या तशा. एकीत एक माणूस झोपलेला होता. नीट झोपला होता, उठवलं नाही, चपला हातात घेऊन निघाले. त्याचं पुढे काय झालं? मला काय माहीत!

आत्या एकदा म्हणाली होती, "रक्ताचं नातं नसून तू त्याच्यावर गेलीस." मला तेव्हा कौतुक वाटलं होतं ते.

१७ मार्च

सगळं लिहिते, नाहीतर विसरेन. नाही, विसरणार नाही, तरीही.

उतरताना दारावर कार्ड टेकवायचं. टिंग! आणि पडद्यावर आपला फोटो. आत्या त्या फोटोकडे बघत उभी राहिली. मागे रांग. पहारेकरी म्हणाला, "मावशी, चला पुढे. दुसऱ्याचं कार्ड चालत नाही, म्हणून फोटो." आत्या म्हणाली, "तेव्हा हे असतं तर—" आणि पुढे सरकली.

बेट म्हणजे एक धक्का, धक्क्यावर दुकानं, दुकानांत त्याच बेटाचे फोटो असलेले कप. गाव होतं म्हणे टेकडीवर. आता हॉटेल आहे. आत्या ज्या झाडाखाली बसली होती तिथे एटीएम. तिनं एटीएमच्या भिंतीला हात लावून बघितला, झाड असल्यासारखा. मग धक्क्यावरच्या बाकावर बसली. "माझ्यानं चढवत नाही. तू विचार कोणालातरी. मला ऐकवणार नाही."

कोणाला विचारायचं? कपवाल्याचा जन्मच नंतरचा. हॉटेलवालीनं मला पत्रक दिलं. वाटेत एक माणूस पोपटाला शिट्टी शिकवत होता, त्याच्यापाशी माझी वीस मिनिटं गेली (पोपट शिकला नाही). पण त्यानंच सांगितलं — दोरवाल्याला विचार. जहाज लागलं की दोर खुंटाला बांधायचं काम त्या म्हाताऱ्यानं जन्मभर केलं. आता मुलगा करतो, पण बाप अजून येऊन बसतो, मुलाच्या गाठींना नावं ठेवत.

धक्क्याच्या टोकाला बसला होता. मी म्हटलं, आजोबा, तेहेतीस वर्षांपूर्वी एक माणूस मागे राहिला होता—

"राखी पँट," तो म्हणाला.

मी खालीच बसले.

"माझ्या सबंध नोकरीत एकच माणूस मागे राहिला, पोरी. विसरेन कसा? नवीकोरी राखी पँट. तू कोण त्याची?"

"बायकोची भाची. ती बघा, बाकावर बसलीय."

त्यानं बाकाकडे बघितलं. आत्या पाठमोरी होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. त्यानं आवाज खाली आणला. मला त्याचे शब्द आहेत तसे आठवतात, म्हणून आहेत तसे लिहिते.

"तो राहिला नव्हता गं. थांबला होता. इथे मिठाचं गोदाम होतं, त्याच्या मागे उभा. शिट्टी झाली. मी म्हटलं, अहो पाव्हणं, धावा! दोर सोडतोय मी! तर असं तोंडावर बोट ठेवलं त्यानं. जहाज वळेपर्यंत हलला नाही. मग बाहेर आला आणि मला म्हणाला, इथे काम मिळेल का?"

"आणि मग?"

"मिठाची पोती उचलली. गाणी म्हणायचा. मनमोकळा होता. अकराव्या दिवशी मासेवाल्यांच्या बोटीतून गेला."

"कुठे?"

"बोट जात होती तिकडे."

अकराव्या दिवशी. म्हणजे चार दिवस थांबले असते तर बाबा भेटले असते! मी तसं म्हटलं. दोरवाला म्हणाला, "म्हणूनच गेला. पुढचं जहाज कधी, ते विचारून घेतलं होतं त्यानं. तुझा बाप आला तेव्हा त्यालाही हेच सांगितलं मी. इथेच बसला होता, तू बसलीस तिथे. म्हणाला, बहिणीला कसं सांगू? मी म्हटलं, नका सांगू."

बाबांना माहीत होतं! सगळा जन्म. प्रत्येक छत्रीला, प्रत्येक गॅसला.

दोरवाला मुलावर ओरडला, "अरे ती गाठ आहे का वेणी?" आणि माझ्याशी बोलायचं थांबला. 

बाकापर्यंत शंभर पावलं असतील. मला वाटलं होतं तेवढ्यात काही सुचेल. आत्यानं मान वळवली नाही. "सांग."

मी म्हटलं, "वाट बघितली त्यांनी."

"कोण म्हणालं?"

"तो दोरवाला. म्हणाला, प्रत्येक जहाजाला धक्क्यावर येऊन उभे राहायचे. उतरणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघायचे. दोन वर्षं. मग... मग तापानं गेले." माझी जीभ सुटलीच होती. राखी पँट सुद्धा सांगितली. तीच घालून यायचे म्हटलं.

आत्यानं पर्स खांद्याला अडकवली. मग म्हणाली, "दोन वर्षं. बरं." आणि उठायला हात पुढे केला.

१७ मार्च, चहानंतर

जहाज सुटताना सगळे वर गेले, हात हलवायला, गाणी चालू. आत्या खोलीत पडदा लावून बसली. भिंतीवरचा पडदा.

मी चांगलं केलं. मी चांगलंच केलं.

१८ मार्च

अंघोळ करताना डोक्यात वीज पडली. बाबा! बाबा पंधराव्या दिवशी तिथे उतरले होते ना! प्रत्येक जहाजाला धक्क्यावर उभा राहणारा माणूस बाबांना दिसला नाही?? मी कशी विसरले! साबण तसाच अंगावर ठेवून बाहेर आले. आत्या रुमालाच्या घड्या घालत होती. माझ्याकडे बघितलं. "काय गं? भूत बघितलंस?"

काही नाही म्हटलं.

तिला सुचलं नसावं. सुचलं नसेलच. खोटं बोलण्यातसुद्धा दोन बिल्ले लावते मी.

जेवताना मुख्याध्यापकांच्या बाईंनी विचारलं, "भेटले का यजमान?" आत्या म्हणाली, "नाही हो, चुकामूक झाली." आणि सूप बाहेरच्या बाजूला ढकलून प्यायली, सर सांगतात तसं. सर खूश.

पाव खाल्ला नाही.

१९ मार्च

फोटो काढून टाकला. बेटकरांचा. माझ्या मोबाइलमध्ये होता. ज्या खोलीतून चपला हातात घेऊन निघाले, त्या माणसाचा नंबर शोधला. नाहीये. मीच पुसला असणार.

पाणी सगळीकडे सारखंच. कुठे आलो, किती राहिलं, काही कळत नाही.

२० मार्च

उतरायच्या आधी बॅग भरत होतो. आत्या पाठमोरीच म्हणाली, "दोन वर्षं धक्क्यावर यायचा, तर पंधराव्या दिवशी दादाला कसा नाही दिसला गं, भिंगरे?"

मी चेन ओढत राहिले.

"तुझ्या बापालाही खोटं बोलता यायचं नाही. सापडला नाही म्हणाला आणि बुटाची लेस सोडत बसला. अर्धा तास! मला वाटलं होतं, जहाज खरंच गेलेलं बघून पस्तावला असेल. पंधरा दिवस तरी." मग म्हणाली, "त्याचा खिसा फाटलेला नव्हता. ती पँट मी शिवली होती, त्याच आठवड्यात. बिल्ला पुढे केला तेव्हाच कळलं मला. मुकाट्यानं घेतला, आणि वर जाऊन लावला."

मी विचारलं, मग इतकी वर्षं सगळ्यांना हसू का दिलंस?

"टाकलेली म्हणवून घेण्यापेक्षा वेंधळी बरी."

रांगेत तिच्यामागे उभी होते तेव्हा माझ्या खिशात हात घातला. दुहेरी टाके. बोटानं जोर लावून बघितला. हलत नाहीत.