इर्माच्या गुडघ्याविषयी

कोलकाता, ५ ऑक्टोबर २००३

प्रिय एडवर्ड,

सांडोरच्या आपल्या घरावर प्रभूची छाया असो. मी बरी आहे.

इर्माच्या गुडघ्याची सूज उतरली. पण डॉक्टर म्हणाले, आता खेळणं नाही. फुटबॉल क्लबने तिच्या जागी दुसरी मिडफिल्डर घेतलीसुद्धा. संध्याकाळी सरावाची शिट्टी वाजली की ती खिडकी लावून घेते.

आज आपल्याकडे आगेराचा सण. चर्चमधून नव्या भाताची लोंबी तुम्ही एकट्यानेच घरी आणली असेल. केळींना टेकू दिलेत का?

"घरी चल" म्हटलं, तर पोर म्हणते, "मम्मी, पप्पा पहिलं विचारतात, गोल किती केलेस? आता काय सांगू?" अहो, बारा वर्षं ती दुसऱ्यांना गोल करायला चेंडू देत होती. हे मीही तुम्हांला कधी समजावलं नाही.

उद्या तिला फोन करा. कधी येतेस, एवढंच विचारा.

तुमची,
फिलोमिना