सिलिंडरजवळची शेगडी

प्रिय दादा,

हे पत्र छगन टेम्पोवाल्याच्या हातून येतंय म्हणून दचकू नकोस. तो शिंगणापूरला तुझ्या दुकानात नारळ उतरवायला येणारच होता. अण्णा शुद्धीवर आहेत, सकाळी अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. फोन केला असता, पण आपल्या एका खोलीत अण्णांना सगळं ऐकू जातं. मेसेज पाठवला तर वहिनी तो मोठ्यानं वाचतात आणि लगेच आईला कळवतात. म्हणून कागद. एकट्यानं वाच.

तू दिवाळीला आलास तेव्हा अण्णांना रात्रीपुरताच ऑक्सिजन लागायचा, आता दिवसभर लागतो. कोल्हारच्या हमरस्त्यावर, आपल्या पंक्चरच्या दुकानात, सारी हयात टायर घासण्यात गेली. ती रबराची भुकटी आणि वरून बिड्या. डॉक्टर म्हणतात, फुफ्फुसं आता एवढीच. खाटेशेजारी उंच काळा सिलिंडर मी साखळीनं खुंटीला बांधून ठेवलाय. पण अण्णांना आजाराची भीती नाही, या सिलिंडरचीच आहे. नवा सिलिंडर आला की नळी जोडण्याआधी त्याच्या तोंडातली धूळ उडावी म्हणून चावी क्षणभर उघडतात. त्या दिवशी अण्णांनी नेमका तिथं हात धरला. "लई गार हाय रं," म्हणाले, "इहिरीच्या तळातली हवा हाय ही. कोंडून कोंडून गारठलीय. ही छातीत घालतोस व्हय माझ्या?"

आठवतं, ट्रकच्या टायरची हवा सोडताना अण्णा आपल्याला व्हॉल्वपाशी बोट धरायला लावायचे? मी पटकन काढून घ्यायचो, तू धरून ठेवायचास. मी त्यांना तेच सांगायला गेलो. म्हटलं, अण्णा, उन्हात उभ्या ट्रकच्या टायरमधली हवा आत तापलेलीच असते, तरी बाहेर येताना गार लागते. दाबून भरलेली हवा मोकळी झाली की पसरते. समोरच्या हवेला ढकलते, तिचे एकमेकांना धरून बसलेले कण सुटे होतात. एवढ्या कामाला ताकद लागते, आणि बाहेरून ऊब घ्यायला सवड नसते, म्हणून ती स्वतःच्याच अंगातली ऊब खर्च करते. थोडक्यात, हवा दमते म्हणा ना. इथं माझं चुकलं. अण्णांनी नाकातली नळी बाजूला करून विचारलं, "मंग मी दमलो की मला घाम का फुटतो, मास्तर?" आई पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आलं. अकरावी अर्धवट सोडलेल्यानं उपमा जपून द्यावी.

खरं सांगायचं ते पुढंच होतं, आणि तोवर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. गार झालेली हवा गारच राहत नाही. लांब नळीतून सावकाश येताना ती खोलीची ऊब घेते. मी नळीचं टोक माझ्या पापणीवर धरून पाहिलं, मग आईच्या. खोलीतल्या हवेपेक्षा काही गार लागली नाही. आई म्हणाली, "तुजं खरं आसंल बाबा, पर थंडी त्येंना वाजती, तुला न्हाई."

परवा दुपारी दुकानातून पाणी प्यायला आत आलो, तर सिलिंडरच्या बुडाशी शेगडी. लाल निखारे, आई सुपानं वारा घालतेय, आणि अण्णांच्या नाकातून निसटलेली नळी गोधडीवर सुरसुरतेय. दादा, ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो मिळाला की साधी ठिणगी भडकते, गोधडी कापरासारखी पेटते. सिलिंडर तापला तर आतला दाब वाढतो तो वेगळाच. मी शेगडी उघड्या हातांनी उचलून अंगणात फेकली. बोटांना फोड आलेत, म्हणून अक्षर वाकडं आहे. माफ कर.

संध्याकाळी हात लांब करून अण्णांनी चावी बंद केली. "शेगडी न्हाई तर तुजी हवा बी न्हाई," म्हणाले. तेव्हापासून हेच चाललंय. मी उघडतो, गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेलो की ते बंद करतात. काल आलो तेव्हा ओठ निळे पडले होते. बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरताना आई बघत होती, तरी तिनं चावीला हात लावला नव्हता, कारण अण्णांनी नको म्हटलं होतं. मी चावी उघडली तेव्हा अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना विषच पाजतोय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. शेगडी आईच्या डोक्यातली नव्हती. बुधवारी तू फोनवर तिला म्हणालास, टाकी गार लागत असेल तर शेकत ठेवा, अण्णांना तसली हवा देऊ नका. तू काळजीपोटी म्हणालास, मला कळतं. पण या घरात तुझ्या शब्दापुढं कुणाचं चालत नाही. 'आगीपासून लांब ठेवा' असं छापलेला डॉक्टरांचा कागद मी अण्णांना वाचून दाखवला. म्हणाले, "थोरल्याला इचार आधी, कल्याणला." म्हणून विचारतोय, दादा. हे वाचून झालं की गल्ल्यावरून उठ आणि फोन लाव. हवा नळीतून येईतो ऊब धरते, छातीत गार जात नाही, शेगडी नको, चावी उघडीच राहू द्या, एवढंच बोल. तुला कुणी सांगितलं असं ते विचारतील. माझं नाव घेऊ नकोस, नाहीतर ते पुन्हा 'मास्तर' म्हणतील आणि चावी बंद करतील. तुलाच आधीपासून माहीत होतं, बुधवारी बोलताना चुकून राहिलं, असं म्हण. मी कधीच कुणाला वेगळं सांगणार नाही. दुकान आज उघडलेलं नाही, त्यांच्या उशाशी बसूनच लिहितोय. आत्ताच त्यांचा हात गोधडीतून बाहेर आला. चावीवर माझा हात आहे, तो बघून ते थांबलेत, पण हात मागे घेतलेला नाही.

तुझाच,
रविराज