मालोजीरावांच्या गिरणीचा घाणा

मंडी मोहल्ला, मैसूर
माघ वद्य पंचमी

आदरणीय येसाजीराव यांस,

मैसुराहून दत्तोजीरावाचा नमस्कार पोचावा. थंडी सरत आली, तेव्हा आपला दमाही सरत आला असेल अशी आशा आहे. सुमित्रावहिनींचे गुडघे, जयलक्ष्मीच्या लग्नाची तयारी आणि आपली ती मारकी गाय, सर्वांची खुशाली कळवावी. माझी प्रकृती ठीक आहे. स्वयंपाक मी स्वतः करतो आणि तरीही ठीक आहे.

आपले पत्र मिळाले. आपल्या घराण्यातल्या प्रत्येक मुलीच्या लग्नाचा घाणा त्या एकाच उखळात भरला जातो, म्हणून गोदावरीबरोबर आमच्या घरी आलेले उखळ फाल्गुनाच्या आत बेंगळूरला पाठवावे, असे आपण लिहिता. मागणे रास्त आहे. उखळ कुशल आहे. परंतु ते कोठे आहे हे सांगायला मला जरा मागून यावे लागेल. (आमच्या घरात बोलण्याचे काम आपल्या बहिणीकडे होते आणि मान हलवण्याचे माझ्याकडे. मुद्द्यावर लवकर कसे यावे हे मला त्यामुळे शिकता आले नाही. तिलाही ते येत नव्हते.)

ती गेल्यावर मी पेन्शन घेऊन घरी बसलो, हे आपणांस ठाऊक आहे. रोज पहाटे परसात उखळाची धप-धप सुरू झाली की मी उठत असे. तो आवाज थांबल्यावर मला जागच वेळेवर येईना. कधी उन्हे आल्यावर उठे, कधी मध्यरात्रीच उठून दिवस झाला असे समजून दाढी करी. अशा स्थितीत मालोजीराव माझ्याकडे आले. त्यांच्या पणजोबांनी म्हणे किल्ला घेतला होता. घेण्याजोगा किल्ला आता उरला नसल्याने मालोजीरावांनी स्टेशनाच्या बाजूला भाताची गिरणी काढायचे ठरवले होते आणि बांधकामावर देखरेखीस त्यांना जुना ओव्हरसियर हवा होता. मी आजवर पूल आणि मोऱ्या बांधलेल्या. एका बाजूने भात घातले की दुसऱ्या बाजूने तांदूळ निघतो अशी इमारत मी पाहिलीही नव्हती, आणि तसे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मी तरी कुठं पाहिलीय? चला, बांधून बघू."

इंजिन मद्रासेहून रेल्वेने आले. स्टेशनावरून ते थेट जागेवर न्यायचे सोडून मालोजीरावांनी त्याला वाजतगाजत गावातून फिरवले, आणि नजरबादेत गाडीचे चाक मोडून ते भर रस्त्यात बसले. नवी गाडी मिळेपर्यंत ते तेथेच राहिले. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तो त्याच्या मोठ्या चाकाला हळदकुंकू लागलेले, पुढे नारळाच्या करवंट्या आणि एका दांड्याला कोणीतरी नवसाचा दोरा बांधलेला. एका म्हाताऱ्याने मला हा कोणता देव म्हणून विचारले. मी म्हणालो, हा तेलावर चालतो. तो घरी जाऊन तेलाचा दिवा घेऊन आला. (पुढे मी खुलासा केला नाही.) आणि खरे सांगायचे तर मला त्याला हसण्याचा अधिकार नाही. ते चाक माझ्या डोक्यापेक्षा उंच होते, इतक्या मोठ्या लोखंडाला कोठे ओबडधोबडपणा नव्हता, आणि बोटाने ढकलले तर ते हलके हलत होते. मी सहसा कशापुढे हात जोडत नाही. त्या दिवशी ते खिशात घालून ठेवावे लागले, एवढेच लिहितो.

आता गिरिजाबाई. या मालोजीरावांच्या आई. इंजिनाच्या पायाचा खड्डा तयार झाल्यावर त्या काठी टेकत आल्या, खड्ड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "घाणा कधी भरायचा?" आमच्यात घाणा भरल्याशिवाय लग्नाचे काम सुरू होत नाही, पाच सवाष्णी दोन मुसळे आंब्याच्या पानांनी एकत्र बांधून हळद कुटतात, हे इंजिनियरांच्या पुस्तकात नसले तरी खरे आहे. घरातली एक पोर नांदायला जाते तर घाणा लागतो, आणि जी गिरणी अख्ख्या गावाचे भात कुटणार तिला नको काय, असा त्यांचा सवाल होता. अडचण निराळीच निघाली. आता मैसुरात कोणाला कुटायला नको, या आनंदात मालोजीरावांनी स्वतःच्या घरचे उखळ आधीच फोडून पायाच्या खडीत घातले होते. मग शेजारी मागणे गेले. सोयराबाई, ज्या घरोघरचे भात कांडून पोट भरतात, त्यांनी दारातूनच सांगितले, "सवतीच्या लग्नाला माझं उखळ देऊ? बेडा बाई, नकोच. तुमच्या इंजिनाला म्हणावं, घोड्यावर बसून ये, मग बघू."

म्हणून गिरिजाबाई माझ्या दारी आल्या. मी म्हणालो, माझ्या घरी वर्ष सरलेले नाही, शुभकार्याला येथली वस्तू कशी चालेल. त्या ओट्यावर बसल्या. "सुम्ने, उगाच वाद नका घालू, दत्तोजीराव. वर्ष तुमचं सरायचंय. ती सवाष्ण गेली, भरल्या कपाळानं गेली. तिच्या उखळाइतकं शुभ उखळ या मैसुरात नाही." इतक्या महिन्यांत सगळ्यांनी मला धीर धरा म्हणून सांगितले होते. गोदावरीची एखादी वस्तू कोणाला हवी आहे, असे कोणी म्हणाले नव्हते. मी परसात जाऊन उखळावरची पाटी काढली. त्यात एक वाळलेले पान होते, ते काढले आणि गाडी बोलवा म्हणालो.

घाणा खड्ड्यातच भरला. नवरी जेथे नांदणार तेथेच, असा गिरिजाबाईंचा निर्णय. गाणी झाली, हळद कुटली, बायका वर आल्या आणि त्यांनी जाता जाता सांगितले, की आता देवक उठेपर्यंत उखळ हलवायचे नाही. लग्नात देवक दोन-चार दिवसांत उठते. गिरणीचे कधी उठणार? तर पहिला तांदूळ पडेल तेव्हा. तांदूळ पडायला इंजिन बसले पाहिजे, इंजिन बसायला पाया भरला पाहिजे, आणि पायात उखळ. हा पेच मी आमच्या कंत्राटदारास, नागराजास, नीट समजावला, उखळ हलवू नका म्हणून बजावले आणि इंजिनाचा मोठा पट्टा सोडवायला स्टेशनावर गेलो. परत येतो तो खड्डा चुना, सुरखी आणि गुळाच्या पाण्याने भरलेला, आणि एका कडेला उखळाचे नुसते तोंड वर. नागराज अभिमानाने उभा. "अल्लाडिसबेडि अंत नीवे हेळिदिरि, स्वामी." हलवू नका, असे तुम्हीच म्हणालात. सगळ्या नोकरीत माझी सूचना इतकी तंतोतंत पाळली गेल्याचा हा पहिलाच प्रसंग.

मागच्या आठवड्यात गिरणी सुरू झाली. मद्रासचा फिटर कृष्णमूर्ती म्हणाला, नव्या पायावर इंजिन थरथरते, भिंतींना तडे जातात. त्याने पाण्याने काठोकाठ भरलेला पेला पायावर ठेवला आणि चाक फिरवले. इंजिन खोकले, शिंकले, चालू झाले. सगळे पेल्याकडे पाहत होते. पाणी नुसते शहारले, थेंब सांडला नाही. गिरिजाबाई म्हणाल्या, "गोदीनं खालून धरलंय." माझ्या मते श्रेय चुन्याचे आहे. पण मी पगडी काढून हातात घेतली होती, हे नंतर लक्षात आले.

मग तांदूळ आला. येसाजीराव, मी पुरात पूल जाताना पाहिला आहे, पण हे निराळे. पन्हळीतून पांढरी धार सुरू झाली ती थांबेचना. गर्दीतून सोयराबाई पुढे आल्या आणि त्यांनी ओंजळ धारेखाली धरली. नुकता पडलेला तांदूळ कोमट असतो. ओंजळ भरून सांडू लागली तरी त्या तशाच उभ्या. शेवटी म्हणाल्या, "मग उरलेला दिवस करायचं काय?" मालोजीरावांनी माझ्याकडे पाहिले, मी इंजिनाकडे. सोयराबाईंना आता गिरणीत तांदूळ पाखडण्याच्या कामावर घेतले आहे. पण तो त्या प्रश्नाचा जबाब झाला असे मला वाटत नाही, आणि त्यांनाही वाटत नाही.

तात्पर्य, उखळ इंजिनाच्या पायात पक्के झाले आहे आणि बेंगळूरला येऊ शकत नाही. वहिनींना हे आपण जेवणानंतर सांगावे. लेकरांना आशीर्वाद.

आपला,
दत्तोजीराव

ता. क. उखळाचे तोंड मी मोकळे ठेवविले आहे, वर लाकडी झाकण आहे. म्हणून विनंती, की घाणा येथेच भरावा. नवरीला आणि सवाष्णींना घेऊन यावे. त्या दिवशी इंजिन बंद ठेवायला मालोजीराव तयार आहेत. मुसळे माझ्याजवळ आहेत, ती बांधकामात गेलेली नाहीत.

ता. क. पत्र बंद करता करता लिहितो. उखळ निघू शकत नाही हे पूर्ण खरे नाही. नागराज म्हणतो, ते कडेला आहे, छिन्नीने चार माणसे सकाळी लागली तर दुपारी मोकळे होईल आणि इंजिनाला कळणारही नाही. मीच त्याला गप्प राहा म्हणालो. या इंजिनाचा ठोका माझ्या घरापर्यंत येतो. पहाटे सुरू होते, धप-धप, त्याच चालीने, आणि मला पुन्हा वेळेवर जाग येऊ लागली आहे. ते चुन्यामुळे की उखळामुळे, हे मला काढून पाहायचे नाही.

ता. क. उखळ आपल्या घरचे आहे. काढा असे लिहाल तर मी स्वतः उभा राहून काढवीन. त्याआधी एकदा आपण एकट्याने या, रात्री माझ्याकडे राहा, आणि पहाटे जाग आली तरी लगेच उठू नका.